पोलिसांनी रात्रभर बसवून ठेवलं, डायरीत नोंदच नाही. दाद कुठे मागायची?

शेवंती (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात एका बुधवारी रात्री माझ्या चुलतभावाला ठाण्यात नेलं. तो छोटा हत्ती चालवतो, गावची भाजी मार्केटला पोचवतो. आमच्याकडे विहिरींवरच्या तीन मोटारी चोरीला गेल्या होत्या. त्यातली एक याच्या गाडीतून गेली, असं कुणीतरी सांगितलं म्हणे. दोघे साध्या कपड्यांत होते, एक वर्दीत. "साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटांत सोडतो" म्हणाले. काकू म्हणाली, जेवण तरी होऊ द्या. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली.

तो परत आला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला, चपला हातात घेऊन. तळपाय इतके सुजले होते की चप्पल पायात जात नव्हती. उंबऱ्याशी आला आणि टाच टेकवेना म्हणून भिंतीला धरून उभा राहिला. काकूला वाटलं कुठे अपघात झाला. आम्ही पाय पाहिले तेव्हा कळलं. दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्यात. गुन्हा दाखल नाही, अटक नाही, नोटीस नाही.

तिसऱ्या दिवशी काका विचारायला गेले. तिथल्या अंमलदाराने त्यांच्यासमोर डायरी उघडली आणि पानावरून बोट फिरवत म्हणाला, "बघा, तुमच्या पोराचं नावच नाही. तो आलाच नाही, तर मारणार कोण?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रात्री नऊपासून दुसऱ्या दिवशी साडेतीनपर्यंत, साडेअठरा तास, माझा भाऊ सरकारी इमारतीत होता आणि सरकारी कागदावर तो कुठेच नाही. आम्ही काय करू शकतो? भाऊ म्हणतो, "जाऊ दे ताई, मला रोज त्याच चौकातून गाडी काढायचीय." त्याची भीती मला कळते. पण गप्प बसायचं कसं, हेही कळत नाही.

---

कोर्टाची_पायरी

शेवंतीताई, मी खंडपीठात वकिली करते. आधी एक विचारते, त्याला डॉक्टरला दाखवलंत का? कुठे, आणि कितव्या दिवशी?

---

शेवंती

तिसऱ्या दिवशी, ग्रामीण रुग्णालयात. डॉक्टरांनी आधी "पडून मार" असं लिहायला घेतलं होतं. मी म्हटलं, तो सांगतोय तेच लिहा. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग लिहिलं: "पोलिसांनी रबरी पट्ट्याने तळपायांवर मारल्याचे रुग्ण सांगतो." दोन्ही तळव्यांवरच्या जखमांची मापंही लिहिली. केसपेपरची प्रत माझ्याकडे आहे. एमएलसीचा, म्हणजे पोलीस केस म्हणून रुग्णालयाने पोलिसांना द्यायचा, निरोप मात्र त्याच ठाण्यात गेला असणार. दुसरीकडे जातच नाही म्हणतात.

---

कोर्टाची_पायरी

तुम्ही डॉक्टरांना ते वाक्य लिहायला लावलंत, हे फार मोठं काम झालं. रुग्ण काय सांगतो ते लिहिणं डॉक्टरचं कामच आहे. ते खरं की खोटं हे कोर्ट ठरवेल. एमएलसीच्या निरोपाचा जावक क्रमांक रुग्णालयाकडून घेऊन ठेवा. निरोप ठाण्यात पोचला आणि तरी ठाण्याने काही केलं नाही, हेसुद्धा पुढे पुरावा म्हणून उभं राहतं.

आता कायदा. "चौकशीसाठी बसवून ठेवणं" असा प्रकार कायद्यात नाही. एक तर माणूस स्वतःहून आलेला असतो आणि उठून जाऊ शकतो, नाहीतर तो अटकेत असतो. मधली अवस्था नाही. अटकेत असेल तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायला हवं, हे राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमातच आहे. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अकरा गोष्टी घालून दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवर झाला पाहिजे, त्यावर तारीख आणि वेळ हवी, घरच्या किंवा गावातल्या साक्षीदाराची सही हवी. नातेवाइकाला कळवलं पाहिजे. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. यातलं बरंचसं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आलंय. यातलं काही केलं नाही तर खात्याची कारवाई आणि शिवाय न्यायालयाचा अवमान, असं निकालातच म्हटलंय.

एक तातडीची गोष्ट. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १६१ व्या कलमात पोलिसांविरुद्धच्या दाव्याला आणि खटल्याला सहा महिन्यांची मुदत आहे. कोठडीतली मारहाण "कर्तव्यात" बसत नाही म्हणून ती मुदत लागू नाही, असा युक्तिवाद आम्ही करतो. पण त्या वादात सापडायचं कशाला? सहा महिन्यांच्या आत हालचाल करा.

---

निवृत्त_अंमलदार

ताई, मी खात्यात एकतीस वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं ठाणे अंमलदार म्हणून डायरी माझ्याच हातात होती. तुमच्या भावासारखी नावं न लिहिण्याचं काम मीही केलंय. आज ते इथे लिहितोय, कारण आतून ते कसं होतं हे बाहेर कळलं पाहिजे.

नाव लिहिलं की घड्याळ सुरू होतं. चोवीस तास मोजायला लागतात, मेडिकल करावं लागतं, घरी फोन करावा लागतो, मॅजिस्ट्रेटला उत्तर द्यावं लागतं. म्हणून आधी माणूस आणायचा, आणि त्याच्याकडून काही "निघालं" तरच लिहायचं. काही नाही निघालं तर समज देऊन सोडायचा. एखादा दोन दिवस बसवला आणि मग अटक दाखवली, तर डायरीत "आज सकाळी अमुक चौकात मिळून आला" असं लिहायचं. सगळी मारहाण त्या न लिहिलेल्या तासांत होते. लिहिलेल्या तासांत फार कमी होते, हे मी खात्रीने सांगतो.

पण ठाणं म्हणजे एकच वही नव्हे. डायरी कोरी ठेवता येते, बाकीचं सगळं कोरं ठेवता येत नाही. सरकारी गाडीने नेलं असेल तर गाडीच्या लॉगबुकात किती वाजता गाडी निघाली, कुठे गेली, किती किलोमीटर झाले हे चालक लिहितो, कारण त्यावर डिझेल मिळतं. ड्युटी वाटपाच्या वहीत त्या रात्री कोण कोण होतं ते असतं. रात्रीची गस्त तपासायला वरचा अधिकारी येऊन गेला असेल तर त्याची वेगळी नोंद असते. तुमच्या भावाचा मोबाइल त्या रात्री कोणत्या टॉवरखाली होता ते कंपनीकडे आहे. आणि ठाण्यासमोरच्या हॉटेलातला पोरगा सकाळी चहा घेऊन आत जातो, त्याला कोण बसलं होतं ते माहीत असतं. तो बोलेल असं नाही, पण त्याला माहीत असतं.

---

खाकीची_लेक

मला वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. माझे बाबा हवालदार आहेत. गणपतीत, निवडणुकीत, यात्रेत बारा-बारा, कधी सोळा तास ड्युटी. आमच्या घरात दिवाळीचा फराळ बाबांच्या सुट्टीच्या दिवशी होतो, मग ती तुळशीच्या लग्नानंतर का असेना. मोटारी चोरीला गेल्या की गावकरीच ठाण्यावर मोर्चा आणतात, "दोन टाकल्याशिवाय कबूल होणार नाही" असं तेच म्हणतात. वरून साहेब विचारतात, डिटेक्शन का नाही. तपासाला माणूस नाही, गाडीला डिझेल नाही.

आणि खोट्या तक्रारीही होतात. एका स्थानिक पुढाऱ्याची वाळूची गाडी अडवली म्हणून बाबांवर तक्रार झाली. खात्यांतर्गत चौकशी चार वर्षं चालली. त्या चार वर्षांत बढती नाही. शेवटी निर्दोष ठरले, पण ती वर्षं गेली ती गेलीच. शेवंतीताईंच्या भावाबरोबर झालं ते चूकच आहे, त्याला माझा आधार नाही. पण जबाबदार धरायचं म्हणजे सगळ्यात खालच्या शिपायाला धरायचं, आणि "काहीतरी करून उघडकीला आण" म्हणणारा वरचा मोकळा, हे मी घरात पाहिलंय.

---

निवृत्त_अंमलदार

बाळ, तू म्हणतेस ते खरं आहे. पट्टा शिपायाच्या हातात असतो आणि हुकूम तोंडी असतो. तोंडी हुकुमाची नोंद नसते. म्हणून म्हणतो, नोंद झाली तर ती तुझ्या बाबांसारख्यांनाही वाचवेल. "मला अमुक साहेबांनी अमुक वेळी याला आणायला सांगितलं" एवढं डायरीत असेल, तर पुढे एकटा शिपाई लटकत नाही. माझ्या नोकरीत मी एकदाच तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझी बदली मुख्यालयात झाली. पण त्या माणसाला कोणी हात लावला नाही.

---

सांगलीकर

अंमलदारकाका न लिहिलेल्या तासांबद्दल म्हणाले ते वाचून अंगावर काटा आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आमच्या सांगलीत जे झालं ते विसरता येत नाही. चोरीच्या संशयावरून एका तरुणाला शहर ठाण्यात आणलं. मारहाणीत तो गेला. पोलिसांनी जाहीर केलं की दोन संशयित कोठडीतून पळाले. इकडे घरचे ठाण्यासमोर बसून विचारतायत, आमचा मुलगा कुठंय. आणि तिकडे मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला होता.

त्या प्रकरणात उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली, सीआयडीकडे तपास गेला, नोकऱ्या गेल्या. पण ते कशामुळे उघड झालं? घरचे त्या दारातून हलले नाहीत म्हणून, आणि गाव त्यांच्या मागे उभं राहिलं म्हणून. मी तेव्हा कॉलेजात होतो. आम्ही मित्र दोन रात्री तिथे जाऊन उभे होतो. "पळून गेला" हे शब्द कुठल्याही ठाण्यातून आले की मी आजही थांबतो.

---

कोर्टाची_पायरी

"पळून गेला" हे महाराष्ट्राने त्याआधीही ऐकलंय. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटानंतर परभणीच्या एका सॉफ्टवेअर इंजिनीअरला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला. त्याचा मृतदेह आजतागायत सापडलेला नाही. सीआयडीने चौदा पोलिसांवर खटला चालवायची परवानगी मागितली. सरकारने ती चौघांपुरती दिली. त्या चौघांतले सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले आणि खटला पडून असतानाच २०२० मध्ये परत सेवेत घेतले गेले. पुढे २०२१ मध्ये वेगळ्याच प्रकरणात अटक झाली तेव्हा त्यांना बडतर्फ केलं. त्या मुलाची आई मुंबईच्या कोर्टात किती वर्षं फेऱ्या मारत राहिली, ते आम्ही वकिलांनी पाहिलंय.

ही "परवानगी" समजून घ्या. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. जुन्या संहितेत १९७ कलम होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २१८ आहे. पूर्वी सरकार फाईल वर्षानुवर्षं दाबून बसू शकायचं. आता १२० दिवसांत निर्णय घ्यावा लागतो, नाहीतर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. हा बदल चांगला आहे, आणि तो मी वापरणार आहे. पण त्याच संहितेच्या १७५ कलमात आणखी एक गोष्ट आली. सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी मॅजिस्ट्रेटने त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायचा आणि त्या नोकराचं म्हणणंही विचारात घ्यायचं. आधीच घाबरलेल्या माणसासाठी ही आणखी एक पायरी झाली, आणि मला ती मान्य नाही.

आता नोंदीने काय होतं त्याचं उदाहरण. ११ नोव्हेंबर २००६. वाशीहून एका माणसाला साध्या वेशातल्या पोलिसांनी उचललं. त्याचा भाऊ वकील होता. बातमी कळताच त्याने पोलीस आयुक्तांना आणि इतर अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले, की माझ्या भावाला नेलंय आणि त्याच्या जिवाला धोका आहे. रात्री पोलिसांनी सांगितलं, वर्सोव्याला चकमकीत गुंड ठार. पण तारेवर तारघराची वेळ होती, आणि ती वेळ चकमकीच्या आधीची होती! भाऊ थांबला नाही. हायकोर्टाने विशेष पथक नेमलं. मुख्य साक्षीदाराचा साक्षीच्या आधी खून झाला, तरी २०१३ मध्ये तेरा पोलिसांना जन्मठेप झाली. याच खटल्यातले आरोपी, पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा तेव्हा सुटले होते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप सुनावली.

सतरा वर्षं लागली. पण त्या संध्याकाळी भाऊ तारघरात गेला नसता, तर सतराशे वर्षं लागली असती तरी काही झालं नसतं.

---

झाडीपट्टी

मी वडशाचा आहे. तुमच्या नकाशावर देसाईगंज. १९७२ साली आमच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. ती रात्री भावासोबत जबाब द्यायला आली होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवलं, दार लावलं, दिवे मालवले. बाहेर तिच्या माणसांनी हाका मारल्या, लोक जमले.

सत्र न्यायालयाने बलात्काराच्या त्या खटल्यातल्या दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये परत सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती असणार, असा अर्थ काढला. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि पुण्याचे रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं, आणि संबंध सिद्ध झाला व बाई "माझी संमती नव्हती" म्हणाली तर कोर्टाने तेच धरून चालायचं, हे आलं.

आमच्या गावात अजून त्या विषयावर कोणी मोठ्याने बोलत नाही. माझी आजी तेव्हा ठाण्याजवळच राहायची. ती एवढंच म्हणायची, "हाका आमाले आयकू येत होत्या." कायदा बदलला, पण त्या मुलीला स्वतःला न्याय भेटला नाही. शेवंतीताई, तुमच्या भावाचं नाव त्यांच्या कागदावर नसलं तरी हाका ऐकणारं कोणीतरी असतंच. त्याला शोधा.

---

मांडवी

पोलीस तक्रार प्राधिकरणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनीच १९९६ मध्ये याचिका केली होती. सप्टेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले, त्यातला एक म्हणजे प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात असं प्राधिकरण. आमच्या गोव्यात ते आहे आणि लोक तिथे जातात. माझ्या भावजयीची तक्रार नोंदवून घेत नव्हते तेव्हा आम्हीही गेलो होतो. सुनावणी नीट झाली, त्या अधिकाऱ्याला समोर बसून उत्तरं द्यावी लागली. आमच्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं, कारण तोवर आम्हीच उभे असायचो आणि तो बसलेला असायचा. पण प्राधिकरण शिफारस करतं, शिक्षा करत नाही. पुढचं सरकारच्या हातात. महाराष्ट्रात कसं आहे?

---

कोर्टाची_पायरी

महाराष्ट्रात २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य प्राधिकरण आणलं, अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. जिल्ह्याऐवजी विभागवार प्राधिकरणं ठेवली. शेवंतीताईंच्या गावातल्या माणसाला विभागाचं ठिकाण म्हणजे एसटीचा पूर्ण दिवस आणि बुडालेला रोज. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक किंवा स्थानबद्धता, खंडणी, हे सगळं त्यांच्या कक्षेत येतं. अर्ज साध्या मराठीत, शपथपत्रासह. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, तिथे घटनेपासून एका वर्षाच्या आत.

आणि कोर्टाचा रस्ता बंद नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा एक मुलगा कोठडीत मरण पावला. आधी हृदयविकार सांगितला, शवविच्छेदनात अंगभर जखमा निघाल्या. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला तरी गुन्हा नोंदवेनात. त्याची आई आमच्या खंडपीठात आली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही आदेश कायम राहिला. त्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात होते. निकालाचं कळल्यावर आमच्यातले बरेच जण बराच वेळ काही बोलले नाहीत.

---

खाकीची_लेक

मी वरचं सगळं वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "कॅमेऱ्याचं विचारा त्यांना. तो आमच्याही बाजूने बोलतो." गेल्या वर्षी एका दारुड्याने ठाण्यात स्वतःचं डोकं खिडकीवर आपटून घेतलं आणि पोलिसांनी मारलं म्हणाला. कॅमेरा चालू होता म्हणून बाबांचे सहकारी वाचले.

---

कोर्टाची_पायरी

तुझ्या बाबांचं अगदी बरोबर आहे. २ डिसेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा परमवीर सिंग सैनी निकाल. प्रत्येक ठाण्यात येण्याजाण्याची दारं, कोठड्या, व्हरांडे, स्वागतकक्ष, निरीक्षकांची खोली, सगळीकडे कॅमेरे हवेत, रात्रीही दिसेल असे आणि आवाजासह. चित्रण अठरा महिने जपायचं, यंत्रणा तेवढी नसेल तरी किमान एक वर्ष. शेवंतीताईंच्या भावाचं चित्रण आज असायलाच हवं. माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अमुक तारीख, रात्री नऊ ते दुसऱ्या दिवशी दुपारी चार, अमुक दार, अमुक व्हरांडा, असं नेमकं मागा. "चित्रण नष्ट करू नये" अशी वेगळी ओळ लिहा, आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने.

आणि ठाण्यात अर्ज द्यायला जाल तेव्हा मोबाइलवर चित्रण केलंत तर "गुप्तता कायदा लावू" म्हणतील. २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने स्पष्ट सांगितलंय की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही. वाद घालू नका, फक्त माहीत असू द्या.

---

शेवंती

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितेय.

सगळ्यात आधी भावाला समोर बसवून तास लिहून काढले. त्याला वाटत होतं काही आठवणार नाही. मग मी विचारत गेले. निघताना टीव्हीवर काय चालू होतं, रस्त्यात फाटक बंद होतं का, अजान कधी ऐकू आली, चहा कधी आला. तो सांगत गेला. शेजारच्या खोलीतला पंखा खडखडत होता, कोणीतरी मध्येच उठून तो बंद केला, तेव्हा पहाटेची पहिली एसटी स्टँडातून निघाल्याचा हॉर्न ऐकू आला. म्हणजे साडेपाच. शेवटी चार पानं झाली. वाचून दाखवल्यावर त्याने सही केली आणि प्रथमच रडला. त्यानंतर म्हणाला, "दे अर्ज."

पोलीस अधीक्षकांना तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने गेली, पोच आली. प्राधिकरणाचा अर्ज शपथपत्रासह गेला. लॉगबुकाची मागणी केली होती, त्याचं उत्तर अजून नाही. झाडीपट्टीदादा, हाका ऐकणारं कोणी सापडलं नाही. पण ठाण्याच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी त्याला दुपारी चपला हातात घेऊन चालताना पाहिलं होतं, त्यांनी स्वतःहून पाणी दिलं होतं. त्या लिहून द्यायला तयार आहेत. नवरा नको म्हणतोय, तरी त्या तयार आहेत.

कॅमेऱ्याच्या अर्जाला एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ: "सदर कालावधीत सीसीटीव्ही यंत्रणा नादुरुस्त असल्याने माहिती उपलब्ध नाही." खूप निराश झाले. आता पुढे काय?

---

निवृत्त_अंमलदार

ताई, निराश होऊ नका. त्यांनी लेखी दिलंय की यंत्रणा बंद होती. आता वकीलताई सांगतील, पण मला आठवतंय ते असं की यंत्रणा बंद पडली तर ठाणे प्रभारीने ते ताबडतोब वर कळवायचं असतं.

---

कोर्टाची_पायरी

काकांना बरोबर आठवतंय. सैनी निकालातच आहे. कॅमेरे बिघडले तर ठाण्याच्या प्रमुखाने जिल्हा देखरेख समितीला लगेच कळवायचं. आणि बिघाडाच्या काळात ठाण्यात कोणाला अटक झाली, कोणाची चौकशी झाली, तेही त्या समितीला कळवून तिची नोंद पाठवायची. म्हणजे कॅमेरा बंद होता म्हणणाऱ्याने त्या रात्रीची यादी कागदावर दिलेली असायला हवी.

दुसरा अर्ज करा. मागणी तीनच गोष्टींची. एक, यंत्रणा कोणत्या तारखेला किती वाजता बंद पडली आणि समितीला कळवल्याच्या पत्राची प्रत जावक क्रमांकासह. दोन, त्या काळात चौकशी केलेल्या व्यक्तींच्या पाठवलेल्या नोंदीची प्रत. तीन, दुरुस्तीसाठी कंपनीला कळवल्याची आणि दुरुस्ती झाल्याची तारीख. पहिल्या अर्जावरचं अपीलही तीस दिवसांच्या आत टाका, ते सोडू नका.

---

शेवंती

अर्ज लिहिला. भावाने स्वतःच्या हाताने लिहिलाय, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. आज सकाळी मार्केटचा माल उतरवून तो त्याच चौकातून आला, पोस्टासमोर गाडी लावली आणि आत गेला. खिडकीवरच्या बाईंनी पावतीवर शिक्का मारला. तिच्यावर वेळ आहे, ११:०४. पावतीचा फोटो काढून ठेवलाय, मूळ पावती काकूने देवघरातल्या डब्यात ठेवली.

उत्तर आलं की इथेच लिहिते.